वाट न मागता उठलेली माणसं

शनिवारी संध्याकाळी मला माणसं उठायला हवी असतात आणि एबोला ती बसायला हवी असतात. एवढंच आमचं भांडण. तो कॅमेरा घेऊन आमच्या ह्या समुद्रकाठच्या सॉल्टपॉन्ड गावात एका मातीला पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हापासून ते चालू आहे.

माझा धंदा मांडवाचा आणि खुर्च्यांचा. गावात कुणी गेलं की शुक्रवारी माझा टेम्पो दारात. शनिवारी पेटी येते, भाषणं होतात, बँड वाजतो, माती होते, जेवण होतं. मग लोक उठले की खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत, कारण रविवारी सकाळी आभाराच्या प्रार्थनेला त्याच खुर्च्या चर्चच्या अंगणात लागतात. म्हणून मी मांडवाच्या खांबाला टेकून, चेहरा दुःखाचा ठेवून, कोण कधी उठतंय ते बघत असते. एखादा म्हातारा खुर्ची उबवत बसला की त्याच्या शेजारची खुर्ची मी जरा जोरात आपटते. माणूस कितीही शोकात असला तरी त्याला कळतं.

आणि नेमका तेव्हाच एबो ओरडतो, "मावशी, आवाज नको! लाइव्ह चालू आहे!"

एबो हा माझ्या मैत्रिणीचा, एकुआ न्यार्कोआचा धाकटा. एकुआ माझ्या भिंतीला भिंत लावून राहायची आणि मासे धुरावर सुकवायची. तिचा धूर माझ्या घरात आणि माझी कटकट तिच्या घरात, असा आमचा संसार. एबो लांबोडका, मान पुढे काढून चालणारा, खिशात बॅटऱ्या कोंबलेला. लहानपणी कुणी घरातून बाहेर निघालं की हा दारात जाऊन उभा राहायचा, माणूस कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत. मोठेपणी त्याने तोच धंदा केला म्हणा ना. आमची निम्मी माणसं हॅम्बुर्गला, लंडनला, न्यूयॉर्कला. कुणाकडे रजा नाही, कुणाकडे कागद नाहीत. त्यांना आपल्या माणसाची माती फोनवर दाखवायची, हे एबोचं काम. त्याचा चॅनेल आहे. लग्नंही घेतो, पण लग्नाला लोक येऊ शकतात. येता येत नाही ते मातीलाच.

एके दिवशी तो माझ्या ओट्यावर आला आणि फोन माझ्या नाकाला लावला. "मावशी, हे बघ."

एक रेघ होती. वरून सुरू होऊन घसरत खाली गेलेली.

"कुणाचा रक्तदाब आहे?" मी म्हटलं.

"रक्तदाब नाही गं, रिटेन्शन. लोक किती वेळ बसले ते. इथे सगळे होते. इथे फादरनी बोलायला सुरुवात केली. इथे निम्मे गेले."

"फादर काय म्हणाले?"

"काही नाही. 'प्रिय बंधूंनो' म्हणाले."

मग त्याने मला वॉच टाइम समजावला. समज, हजार लोक कुंपणावरून डोकावून गेले आणि चाळीस लोक पेटी आल्यापासून जेवणापर्यंत बसून राहिले. कुठली माती मोठी? मी म्हटलं, चाळीसवाली, डोकावणाऱ्याला खुर्ची लागत नाही. "तेच," एबो म्हणाला, "फोनच्या दुनियेतही आता डोकी नाही मोजत, बसणं मोजतात. सगळ्यांचं बसणं एकत्र करतात. जिथे लोक बसतात तो व्हिडिओ पुढे सरकवतात, जिथून उठतात तो गाडून टाकतात."

"मग बसव की. जेवण शेवटी ठेवतात ते कशासाठी?"

"मावशी, तुझ्या माणसाला उठायला लाज वाटते. चार लोक बघत असतात. माझा माणूस अंगठ्याने उठतो. कुणी बघत नाही."

मी मनात म्हटलं, हे बरं आहे. माझी माणसंही अंगठ्याने उठली असती तर माझे गुडघे वाचले असते.

त्यानंतर एबोने सॉल्टपॉन्डच्या मातींचा जो काही कायापालट केला, तो काय सांगू. व्हिडिओच्या सुरुवातीला लोक सर्वात लवकर पळतात म्हणे, म्हणून त्याने फादरना जाऊन सांगितलं की तुमचं सर्वात चांगलं वाक्य आधी म्हणा. फादर विचारात पडले. कुठलं चांगलं ते त्यांनाच माहीत नव्हतं. बँडवाल्यांना त्याने नातवंडांच्या भाषणांच्या मधे मधे पेरलं, औषधात मध घालतात तसं. एका विधवेला त्याने नम्रपणे विचारलं की तुम्ही चक्कर येऊन पडणार असाल तर मी बॅटरी बदलेपर्यंत थांबाल का. ती बाई थांबली. नंतर तिला चक्कर आलीच नाही, आणि तिच्या नणंदेने गावभर बभ्रा केला की हिला दुःखच नव्हतं. मी एबोला म्हटलं, "मेल्या, तू एक दिवस मार खाणार आहेस." तो म्हणाला, "पण मावशी, त्या जागी रेघ पडली नाही."

जेवणाची सोय परदेशातल्या माणसाला नाही, तर त्याला शेवटपर्यंत थांबवायचं कसं? तेही एबोला सापडलं. आमच्यात मातीला कुणी काय दिलं ते कर्ण्यावरून सगळ्यांना ऐकवतात. एबोने बघितलं की त्या जागी रेघेला टेंगूळ येतं. तिकडची माणसं स्वतःचं नाव ऐकतात, मागे जातात, परत ऐकतात. मग शेजारच्याचं नाव ऐकतात, आणि त्याने कमी दिलं असेल तर तेही परत ऐकतात. एबोने घरोघर जाऊन नावं शेवटी वाचायला लावली. माझी पंचाईत झाली. मांडवातली माणसंही आता शेवटपर्यंत हलेनात.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग आमोआसी मामांनी रेघ बघितली.

आमोआसी मामा हे एकुआचे थोरले भाऊ आणि त्यांच्या घराण्याचे म्होरके. घराण्यातली माती त्यांच्या शब्दाशिवाय हलत नाही. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, त्यांच्याहून म्हातारे लोकसुद्धा. तर घराण्यातली एक म्हातारी गेली, मामा मातीला बोलले, आणि दुसऱ्या दिवशी एबो माझ्या ओट्यावर बसून रेघ बघत होता तेव्हा मामा मागे येऊन उभे राहिले.

"हा कडा कसला?" मामांनी विचारलं.

एबोने कड्यावर बोट ठेवलं. "मामा, इथे तुम्ही बोलायला उभे राहिलात."

"आणि?"

"इथे काही माणसं... गेली."

"कुठे गेली?"

"दुसरीकडे. दुसरं काहीतरी बघायला."

मामांनी वाकून ती रेघ बघितली. मी फोडत असलेले शेंगदाणे फोडायचे थांबवले. मग मामा अगदी शांतपणे म्हणाले, "वाट मागितली होती त्यांनी?"

आमच्यात पाहुणा नुसता उठून जात नाही. आल्यावर त्याला पाणी द्यायचं, काय म्हणतोस विचारायचं. निघताना त्याने वाट मागायची. घरच्याने म्हणायचं, अर्धी दिली. अर्धी आपल्याकडे राखून ठेवायची, म्हणजे माणूस परत येतो. वाट न मागता उठला तर तो अपमान, आणि त्याला दंड. दंड म्हणजे दारूची बाटली, आणि ती म्होरक्यांच्या पुढ्यात.

"नावं दे," मामा म्हणाले.

"मामा, नावं कळत नाहीत. नुसती रेघ कळते."

"माझ्या अंगणात माणूस येतो, नाव सांगत नाही, मी बोलायला उठलो की पळतो, आणि कोण ते कळत नाही? अरे, ह्याला पाहुणा म्हणत नाहीत, चोर म्हणतात!"

एबोने परोपरीने समजावलं. फोनवरचा माणूस अंगणात नसतो, त्याला पाणी दिलेलं नसतं, तो खाटेवर लोळत असतो. मामांनी काही ऐकलं नाही. पुढच्या मातीला ते सरळ कॅमेऱ्यासमोर आले, अंगावरचं काळं वस्त्र सावरलं आणि बोट उगारून म्हणाले, "जिथे असाल तिथून ऐका. आलात, बरं केलंत. पाणी आपापलं प्या. पण इथून उठताना माझ्याकडे वाट मागायची. न मागता जो उठेल, त्याची आई कोण, घर कुठलं, हे मी शोधून काढीन."

एबोने डोक्यावर हात मारला. मीही म्हटलं, संपला ह्याचा चॅनेल.

पण आमची माणसं ती आमचीच. हॅम्बुर्गमध्ये राहिली म्हणून काय झालं, मामांचं बोट त्यांनी लहानपणी पाहिलेलं. थोड्या वेळाने कमेंट आली, 'मामा, रात्रपाळीला जायचंय, वाट द्या.' एबोने ती मामांच्या कानात सांगितली. मामा फादरना मधेच थांबवून म्हणाले, "अर्धी दिली." मग लंडनहून आली, मग अजून कुठून. काहींना मामा म्हणाले, "नाही, बस अजून, पेटी उचलायची आहे." आणि ते बसले! दुसऱ्या दिवशी एबोने रेघ दाखवली. टेबलासारखी सपाट. फादरच्या भाषणातही सपाट. एबोला हसावं की रडावं कळेना. बाकी सगळे लोकांना थांबवायला गंमतजंमत दाखवतात. ह्याच्या चॅनेलवर लोक धाकाने थांबू लागले.

आता कोजोचं सांगते, कारण त्याच्यावाचून एबोचं काहीच सांगून होत नाही.

कोजो एकुआचा थोरला. बरीच वर्षं झाली, एका पहाटे तो मागच्या दाराने गेला. एकुआचे मासे धुरावर होते, ती भट्टीपाशी पाठमोरी बसली होती. तो तिच्या पाठीमागून गेला. वाळवंट, लिबिया, समुद्र, मग इटली. तिथे कोंबड्यांच्या कारखान्यात लागला. कागद नाहीत, त्यामुळे आला तर परत जाता यायचं नाही. पण एकुआला त्याच्या जाण्याचं तेवढं दुःख नव्हतं. न विचारता गेला, हे तिला लागलं होतं. संध्याकाळी भट्टी विझवताना ती मला हटकून म्हणायची, "अराबा, त्याने वाट मागितली नाही, मी दिली नाही. म्हणजे माझ्या हिशेबी तो गेलेलाच नाही." आणि मी म्हणायची, "हो बाई." दुसरं काय म्हणणार?

कोजो फोन करायचा. बोलायचा चार शब्द. मग एकुआ विचारायची, "जेवलास का?" आणि फोन बंद. दर वेळी तिथेच. एकुआ मोबाइल कंपनीला शिव्या घालायची, ह्यांचा टॉवर पडो म्हणायची. कितीतरी वर्षं ती त्या टॉवरला शाप देत होती. टॉवर ठणठणीत होता, फोन कोजोच बंद करायचा.

आणखी एक गोष्ट मला एबोने सांगितली, ती पण अशीच ओट्यावर. "मावशी, माझ्या दर व्हिडिओला इटलीतून एक जण येतो. पहिल्याच मिनिटात जातो. अगदी पहिल्या व्हिडिओपासून."

"कोजोच कशावरून?"

"दर शनिवारी परक्याच्या मातीला येऊन लगेच पळणारा दुसरा कोण असणार? मी काय काय केलं सांगू? बँड आधी लावला. समुद्र दाखवला. आपली गल्ली दाखवली. एकदा तर नुसती आईची भट्टी दाखवली, धूर निघताना."

"मग?"

"भट्टीला तो सर्वात लवकर गेला."

एवढा उद्योग, फादरचं वाक्य, बँड, ती बिचारी विधवा, सगळं ह्या एका उठून जाणाऱ्या माणसासाठी. मला वाटत होतं पोराला प्रसिद्धीचं वेड लागलंय. मी त्याला शेंगदाणे दिले आणि नाक शिंकरायला आत गेले.

मग कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत एकुआ गेली. दुपारी झोपली ती उठली नाही.

घराण्याची बैठक भरली. मी शेजारीण, पण खुर्च्या माझ्या, म्हणून मी होते. मामा म्हणाले, "रविवारी आभाराला माझ्या बहिणीच्या मुलांची नावं मी घेणार. एबो. बस."

"मामा," एबो म्हणाला, "आणि कोजो?"

"आईच्या मातीला जो नाही, तो मुलांत नाही. हे मी ठरवलेलं नाही, माझ्या आधीपासून आहे."

"तो लाइव्हवर बसेल, मामा. शेवटपर्यंत बसेल."

"तो?" मामा हसले, पण हसण्यात काही नव्हतं. "ते पोर वाट न मागता उठणारं आहे. आईच्या पाठीमागून उठलं. ते तुझ्या फोनपुढे बसणार?"

कोजोचं नाव असं घराण्यातून पुसलं जाताना मला बघवेना. माझं तोंड आधीच कमी बंद असतं. मी म्हटलं, "मामा, एक विचारू? फोनवरचा माणूस अंगणातला पाहुणा, असं तुम्हीच म्हणता. वाट मागायला तो पाहुणा, दंड द्यायला तो पाहुणा, आणि हजेरीला मात्र नाही?"

बैठकीत कुणीतरी खोकलं. मामा माझ्याकडे असे बघत होते की मला माझ्या खुर्च्यांची काळजी वाटली. मग म्हणाले, "ठीक आहे. मी वाट देईपर्यंत बसला, तर आला म्हणून मोजीन. मधे उठला, तर ह्या घरात त्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. अराबा, तूही नाही."

एबोने त्याच वेळी कोजोला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून फोन बंद. एबो म्हणाला, ऐकलंय त्याने.

मातीच्या दिवशी एबोने माझ्याकडे एक खुर्ची जास्तीची मागितली. पुढच्या रांगेत, कॅमेऱ्यात येईल अशी ठेवली आणि तिच्यावर काळं कापड टाकलं. कुणाची ते बोलला नाही, मी विचारलं नाही. दिवसभर त्या खुर्चीवरून लोकांना हाकलता हाकलता माझ्या नाकी नऊ आले. चर्चच्या महिला मंडळाच्या बाई तर दोनदा येऊन टेकायला गेल्या. मी म्हटलं, "बाई, मोडकी आहे." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मोडक्या खुर्च्या भाड्याने देणारी बाई म्हणून मी आता थेट देवाच्या यादीत गेले असेन.

सुरुवातीलाच कमेंट आली. 'कोजो आलोय.' एवढीच. पुढे काही नाही.

मी एबोजवळ गेले. "पोरा, बँड घाल लवकर. नावं वाच. भट्टी नको दाखवूस. काहीतरी कर, नाहीतर जाईल तो."

"नाही मावशी," तो म्हणाला. "आज काही करायचं नाही. आज त्याचा तो बसला तर बसला."

मग मामा बोलायला उठले. आणि त्या दिवशी ते जे बोलले! मी म्हणते, मुद्दाम. घराणं दूर आतल्या टेकीमानहून निघालं तिथून त्यांनी सुरुवात केली. प्रत्येक नदी, प्रत्येक मुक्काम, कुणी कुणाशी भांडण केलं ते. समुद्र दिसेपर्यंत निम्मा मांडव झोपला होता. बँडवाला तुतारीवर डोकं ठेवून घोरत होता. फोनवर वाटा मागणाऱ्यांची रांग लागली, मामा वाक्य न तोडता "अर्धी दिली, अर्धी दिली" करत पुढे जात होते. एबो स्टँडपाशी उभा, मान पुढे काढलेली, बघणाऱ्यांचा आकडा खाली येताना बघत. कोजोने वाट मागितली नव्हती. पण न मागता जायची त्याला सवयच होती, तेव्हा त्यातून काय कळणार?

दफनभूमीत एबोने फोन हातात धरून नेला. पेटी खाली गेली तेव्हा त्याचा हात हलला नाही, बाकी सगळा हलत होता. मी माझ्या वस्त्राचं टोक तोंडात धरलं. एकुआ माझी चाळीस वर्षांची भांडणं घेऊन खाली गेली.

परत आलो, जेवणं झाली, लोक पांगले. ऊन उतरलं. मी खुर्च्या रचायला लागले. शेवटी मांडवात मामा, एबो आणि मी. फोन परत स्टँडवर, चालूच.

"किती आहेत?" मामांनी विचारलं.

"एक," एबो म्हणाला.

"तुझाच असेल दुसरा फोन."

"माझा दुसरा फोन नाही, मामा."

"मग फोन चालू ठेवून झोपला असेल. त्याला काय, रेघ सपाटच राहील. झोपलेल्याला मी आला म्हणून मोजत नाही."

इतकी वर्षं तो बसणं मोजत होता. बसलेला माणूस जागा आहे की नाही, हे त्याच्या कुठल्याच रेघेत नव्हतं.

मी काय करणार? माझे हात रिकामे राहत नाहीत. पुढच्या रांगेत एकच खुर्ची उरली होती. मी कापड झटकून घडी केलं, खुर्ची उचलली, टेम्पोपर्यंत नेली आणि ढिगावर घातली.

"मावशी!" एबो असा ओरडला की मला वाटलं टेम्पो सुटला. तो फोनला नाक लावून वाचत होता. "मावशी, कमेंट आलीये. 'अराबा मावशी, ती खुर्ची राहू दे.'"

तिकडे आमचं सगळं थोडं उशिराच पोचतं. मी ती खुर्ची ढिगावरून काढली, परत आणली आणि होती तिथे ठेवली. चष्मा काढून मामांनी वस्त्राच्या टोकाने पुसला, परत लावला, आणि फोनसमोर जाऊन उभे राहिले.

कमेंट आली. एबोने वाचली. "'मामा, वाट मागतो.'"

"कुठली?" मामा म्हणाले. "आजची, की त्या पहाटेची?"

"'दोन्ही,'" एबोने वाचलं.

"आजची अर्धी दिली," मामा म्हणाले. "त्या पहाटेची माझ्याकडे नाही रे. ती जिच्याकडे होती तिला आत्ताच ठेवून आलो."

एबो रडत होता, आणि कॅमेऱ्यामागचा माणूस रडला की कुणाच्या लक्षात येत नाही, पण मी बघितलं. मग मी त्या खुर्चीवर बसले. एवढी वर्षं धंदा करतेय, मातीच्या मांडवात माझ्या खुर्चीवर मी पहिल्यांदाच बसले. खुर्ची काही सुखाची नाही, हेही तेव्हाच कळलं.

"कोजो," मी फोनकडे बघून म्हटलं, "ऐक. तुझी आई रोज संध्याकाळी भट्टी विझवताना म्हणायची, त्याने मागितली नाही, मी दिली नाही, म्हणजे तो गेलेलाच नाही. वेडी होती म्हण, पण तिच्या हिशेबी तू शेवटपर्यंत घरातच होतास. तेव्हा वाट कसली मागतोस?" एवढं बोलल्यावर मला राहवलं नाही. "जेवलास का?"

एबोने डोळे मिटून घेतले. मामा आकड्याकडे बघत होते. मीही बघत होते.

एक. एकच. अजूनही एकच.

मग कमेंट आली, आणि एबोने डोळे उघडायच्या आधी मामांनीच चष्मा सरसावून ती वाचली. "'नाही अजून.'"

"मग जेव," मी म्हटलं. "आम्ही आहोत."

तो जेवला असावा. आम्हाला दिसत नव्हतं, त्याला आम्ही दिसत होतो. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो, मामांनी ढिगावरून स्वतःच्या हाताने खुर्ची काढली. एबोच्या चॅनेलवरचा हा सर्वात रटाळ भाग असेल, आणि रेघ जराही पडली नाही. मग बॅटरी संपली. खिशातल्या सगळ्या बॅटऱ्या दिवसभरात संपल्या होत्या. म्हणजे त्या दिवशी वाट न मागता उठलो ते आम्हीच. तो बसलेलाच होता.

रविवारी मामांनी नावं घेतली. कोजोचं आधी घेतलं, थोरला म्हणून. आणि दंडाची बाटली त्यांनी स्वतःच आणून ठेवली, आमच्या तिघांच्या वतीने.

ती खुर्ची अजून एबोच्या दारात आहे. परत कर म्हणून मी दर आठवड्याला भांडते. दर शनिवारी माझ्या मांडवात एक खुर्ची कमी पडते आणि कुणीतरी उभं राहतं. राहू दे उभं.